छोटं पान म्हणजे हो

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

खुर्शीदाकडे चकल्यांचा डबा घेऊन गेले आणि बदल्यात डोकेदुखी घेऊन आले. खुर्शीदा माझी पत्त्यांच्या ब्रिजमधली भिडू, एकतीस वर्षांपासूनची. आता ती चंद्रपूरच्याच ऊर्जानगरला मुलाच्या क्वार्टरवर राहते. मुलगा रईस विजेच्या प्लँटमध्ये इंजिनिअर आहे आणि मोबाइलवर साऱ्या जगाशी ब्रिज खेळतो. त्याचं म्हणणं असं की, अम्मी आणि ज्योत्स्नामावशी जुन्यापुराण्या खुणांवर खेळतात, म्हणून जिल्हा स्पर्धेत दरवर्षी क्लबातल्या मुखरूभाऊंचा मार खातात.

खुणा म्हणजे लबाडी नव्हे, हे मी माझ्या नवऱ्याला, धनराजना, दहा वेळा समजावलं आहे. ब्रिजमध्ये भिडूशी बोलायचं नाही, डोळा मारायचा नाही, उगाच खाकरायचंही नाही. सांगायचं ते पानानंच. मी एखाद्या रंगाची उतारी केली, म्हणजे डावातलं पहिलं पान टाकलं, की भिडू त्या रंगाचं कुठलं पान टाकते, त्यावरून मला कळतं की तोच रंग पुन्हा आणू की सोडू. आजवर आमचं असं होतं: मोठं पान म्हणजे हो, छोटं म्हणजे नको. रईस म्हणतो, उलटं करा. मोठी पानं हात जिंकायला लागतात, ती निरोप द्यायला कशाला उधळता?

मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे मला रागच आला. पण ठरलं. इथे लिहून ठेवते: छोटं पान म्हणजे हो, मोठं पान म्हणजे नको. क्लबमध्ये टेबलावर ठेवायच्या कार्डावरही मीच माझ्या अक्षरात लिहिलं. आपला ठराव समोरच्या जोडीला माहीत असलाच पाहिजे. भिडूंनी आपसात लपवून ठेवलेला ठराव म्हणजे सरळ चोरी. स्पर्धा ९ फेब्रुवारीला आहे.

प्लँटच्या पाणी-तपासणीच्या लॅबमध्ये मी चौतीस वर्षं नोंदी केल्या, त्यामुळे हात शिवशिवतो, म्हणून ही वही. लिहायचं आणि मिटायचं. मागची पानं चाळत बसायची मला सवय नाही.

धनराजचं इन्सुलिन सकाळी चौदा युनिट, संध्याकाळी दहा. इन्सुलिनच्या पेनवरचे आकडे त्यांना आता दिसत नाहीत. सुई माझ्याकडे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नव्या ठरावावर तिसरा सराव झाला. रईस शेजारी बसून "मावशी, उलटं, उलटं" करत होता, त्यामुळे बरा झाला. क्लबच्या मागच्या भिंतीवर वाघ बसलेला दिसल्यापासून खेळ साडेतीनला सुरू होऊन सहाच्या ठोक्याला संपतो. मुखरूभाऊंना ते सोयीचं पडतं, हरायला लागले की घड्याळ दाखवतात.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फार वाईट वाटलं. मुखरूभाऊ आणि त्यांचा भिडू अजय समोर होते. मुखरूभाऊ चार इस्पिक खेळत होते, म्हणजे हुकूम इस्पिक आणि करायचे दहा हात. उतारी माझी. बदामचे राजा-राणी माझ्याकडे, म्हणून राजा खेळले. डमीत, म्हणजे अजयच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत, तीन फुटकळ बदाम. खुर्शीदानं दुर्री टाकली. दुर्री म्हणजे सोड. मी सोडला, किलवरवर गेले, आणि मुखरूभाऊंनी डाव आरामात केला. पत्ते उघडले तर बदामचा एक्का खुर्शीदाकडे.

"एक्का हातात अन् दुर्री टाकते?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चुकलं वो माझं. ध्यान नव्हतं."

खुर्शीदाचं ध्यान नव्हतं. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, कुठल्या बाळाचा पाळणा कुठला हे अंधारात सांगायची. तिचं ध्यान नव्हतं.

३ डिसेंबर, मंगळवार

आज पुन्हा, आणि दोनदा. एकदा चौकटचा राजा हातात असून तिर्री. एकदा हातात काही नसताना किलवरची नव्वी, म्हणजे 'आण'. मी आणला आणि तोंडावर पडले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "माझं चुकलं."

घरी येताना ऑटोत तिच्या अम्मीची आठवण आली. राजुऱ्याला असायच्या. आधी मीठ दोनदा पडायला लागलं. मग एकदा पोरीलाच म्हणाल्या, "बेटी, तू कोणाच्या घरची?" खुर्शीदा माझ्याजवळ बसून किती रडली होती. हे रोग रक्तातून येतात म्हणतात. मला भीती वाटते. एकतीस वर्षांत मी नवऱ्याशी जेवढं बोलले नसेन तेवढं हिच्याशी पानांनी बोलले आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

ठरवून तिची परीक्षा घेतली. सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या लग्नाचं साल कोणतं, रईसचा मोबाइल नंबर सांग, काल काय जेवलीस. तिनं सगळं सांगितलं. जेवण तर फोडणीसकट सांगितलं.

मग तीच मला म्हणाली, "ज्योत्स्ना, आज वार कोणता वो?"

क्लबमध्ये बसून ही वार विचारते. क्लब मंगळवारी आणि शुक्रवारीच असतो. मी म्हटलं, "शुक्रवार." ती "हो" म्हणाली आणि माझा हात धरून बसली. तिला काहीतरी कळलं असावं. बिचारी.

(आत्ता वर तारीख घालताना कॅलेंडर पाहिलं. आज मंगळवार आहे. तिच्या बावचळण्यानं मीही बावचळले.)

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज माझं डोकं कसं चाललं ते लिहिलंच पाहिजे. अजय नोट्रम्प, म्हणजे बिनहुकमाचा डाव, खेळत होता. खुर्शीदानं इस्पिकची सत्ती उतारली. आमची नोट्रम्पवरची उतारी म्हणजे लांब रंगाचं वरून चौथं पान. अकरातून सात वजा केले की चार. सत्तीच्या वरची चारच पानं बाकी तिघांत. डमीत राणी आणि नव्वी, माझ्याकडे एक्का आणि अठ्ठी. झाली की चार. म्हणजे अजयकडे सत्तीच्या वर काहीच नाही. डमीतून छोटं पान आलं, मी एक्का दाबून ठेवला, तिर्री टाकली, आणि खुर्शीदाची सत्तीच हात घेऊन गेली. अजयचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मुखरूभाऊसुद्धा म्हणाले, "बाईचं डोस्कं म्हंजे कंप्युटर हाये."

खुर्शीदाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या-तेवढ्यावरून रडते हल्ली.

१८ डिसेंबर, बुधवार

अक्षर वाकडं येतंय. सकाळी नऊला धनराज बाथरूमच्या दारात बसले. अंगावर घामाच्या धारा, बोलता येईना, बोटं थरथरत होती. मशीनवर साखर अठ्ठेचाळीस. साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं, सांडलं ते अर्धं लुगड्यावर. वीस मिनिटांनी डोळे उघडले.

मी खूप बोलले त्यांना. पोहे ताटात टाकून उठतात, इन्सुलिन घेऊन नीट खात नाहीत, मग दुसरं काय होणार. ते ऐकत राहिले. नंतर हळूच म्हणाले, "ज्योत्स्ना, सुई आज दोनदा झाली का?"

"म्हंजे? मी काय येडी हाव का?" मी म्हटलं.

"नाई. मले तसं वाटलं. मले दिसत नाई ना बरोबर."

दिसत नाही तर नाही, पण टोचल्याचं तर कळतं ना माणसाला. रागानं मी दुपारी जेवले नाही. ते गेले असते तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

खुर्शीदाचं आता पुरतं बिघडलं. गुरुवारपासून रोज सकाळी साडेसातला दारात उभी असते. ऊर्जानगरहून इथे आमच्या घरी तुकूमला, या थंडीत, रईसच्या बाईकवर मागे शाल गुंडाळून. का आलीस विचारलं तर म्हणते, "चहा पिऊ तुह्या हातचा." चहा पिते, धनराजच्या खोलीत जाऊन "कसे हा भाऊ" करते, आणि नऊला ऑटोनं जाते. संध्याकाळीही एक फेरी असतेच. रईसला कळत नाही का, आईला असं भटकू देऊ नये? काही बोलले नाही. तिला वाटत असेल आपण अजून ड्यूटीवर आहोत.

ती आली की धनराज मात्र खूश असतात.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

देवाची कृपा. खुर्शीदा टेबलावर सुधारली. आज चौकटचा राजा उतारला, तिनं ठसठशीत अठ्ठी टाकली, मी पुन्हा चौकट आणला, तिच्या एक्क्यानं हात घेतला. गेल्या मंगळवारीही असंच झालं होतं. माणसाला धक्का दिला तर गाडी सुरू होते. मी तिला तसं म्हटलंही. ती हसली. हसली म्हणजे ओठ हलवले.

१० जानेवारी, शुक्रवार

आज भर क्लबात मुखरूभाऊंनी आम्हाला चोर म्हटलं.

तो शब्द वापरला नाही त्यांनी, पण अर्थ तोच. डाव संपल्यावर त्यांनी आमचं कार्ड उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बाई, कार्डावर लिवलं हाये, छोटं पान म्हंजे हो. या बाई पंधरा दिवसांपासून मोठं टाकून राह्यल्या, अन् तुमी बरोबर तोच रंग आणून राह्यल्या. मंग हे कार्ड कोणासाठी? आमालेच येडं बनवाले?"

"काहीतरीच. दाखवा इकडे," मी म्हटलं.

कार्ड घेतलं. छोटं पान म्हणजे हो. माझं अक्षर, 'छ'ला माझ्यासारखी शेपूट. खाली माझी सही.

मी खुर्शीदाकडे पाहिलं. ती टेबलाच्या कापडाकडे बघत होती. मी म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही," आणि ते म्हणताना मला माहीत होतं की ते मीच लिहिलं आहे. आठवत मात्र काहीच नव्हतं. अंधुकसंसुद्धा नाही.

कमिटी पुढच्या शुक्रवारी बसणार. लपवलेला ठराव सिद्ध झाला तर दोघींची नावं नोटीस बोर्डावर, आणि स्पर्धा बंद.

११ जानेवारी, शनिवार

पहिल्यांदाच मागची पानं वाचली. सकाळपासून तीन वेळा वाचली.

४ नोव्हेंबरला मीच लिहिलं आहे. रईस, चकल्या, उलटं. चकल्या केल्याचं आठवतं. बाकी कोणीतरी दुसऱ्या बाईनं माझ्या वहीत लिहावं तसं वाटतं. मग २९ तारखेची दुर्री. ती 'आण' म्हणत होती आणि मी ऐकलं 'सोड'. तिची एकही चूक नव्हती. ३ डिसेंबरच्या दोन्हीही माझ्याच. आणि जानेवारीत ती सुधारली नव्हती. ती माझ्यासाठी जुन्या खुणांवर परत आली होती, मला न सांगता.

ती अम्मीसारखी होईल म्हणून मी घाबरत होते.

मग मागे येऊन १८ डिसेंबर पुन्हा वाचलं. तिथून पुढे वाचवेना. फ्रीजमधलं पेन काढलं, पुन्हा ठेवलं. किती उरलं आहे, किती उरायला हवं, याचा हिशोब मांडायला बसले आणि मधेच सोडून दिला. उत्तर काय येईल ते मला ठाऊक होतं. त्या सकाळी मी त्यांना दोनदा सुई दिली. नंतर त्यांनाच रागावले, आणि त्यांनी ऐकून घेतलं.

स्वयंपाकघरात उभं राहायची भीती वाटते. गॅस बंद केला का म्हणून चार वेळा उठले. चारही वेळा बंद होता. पाचव्यांदा उठायच्या आधी इथे लिहिते आहे.

१३ जानेवारी, सोमवार

आज खुर्शीदा आली तेव्हा मी तिच्या आधी धनराजच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, "आता दोघं मिळून सांगा."

धनराज म्हणाले, "मीच फोन केला होता त्याईले. त्या दिवशी सुई दोनदा टोचली ते मले समजलं होतं. पहिल्या बारीला वाटलं, सुई बरोबर गेली नसंल म्हून तू पुन्यांदा देऊन राह्यली. म्हून बोललो नाई."

"अन् नंतर?"

"नंतर तू कशी बोलली मले, आठवते का?"

ते आठवत होतं. खुर्शीदा खाटेच्या कडेला बसली. तिनं सांगितलं, ती रोज चहाच्या निमित्तानं येऊन आधी पाहते की सुई झाली की नाही. पेनमध्ये किती उरलं ते ती तिच्या डायरीत लिहिते. नाताळानंतर एकदा मी पुन्हा पेन घेऊन निघाले होते, तेव्हा तिनं मला बोलण्यात गुंतवून पेन फ्रीजमध्ये ठेवलं. मला वाटलं होतं ती माझ्याशी गप्पा मारायला आली.

"मले सांगितलं काऊन नाई?" मी विचारलं.

"कसं सांगू? मी वार विचारला, तं तू मलेच येडी समजून पाहत होती," ती म्हणाली. "माझी हिंमत नाई झाली, ज्योत्स्ना. अम्मीले मी तोंडावर सांगितलं होतं. त्याच्यानंतर अम्मीनं माझ्याकडे बघणंच सोडलं."

मग ती उठली, पेन आणलं, धनराजच्या हातात दिलं आणि म्हणाली, "भाऊ, आकडे नाई दिसत तं नाई दिसत. कान तं हाये ना? एक टिक म्हंजे एक युनिट. मोजा." धनराजनी गोल चकती फिरवत मोजलं. चौदा टिक. तिनं पाहिलं, बरोबर चौदा. दोन वर्षं ते स्वतः करू शकले असते. मी त्यांना करू दिलं नव्हतं, कारण मी लॅबवाली, माझ्याकडून चूक होत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

उद्या कमिटी. खुर्शीदाचा बेत असा: "मी सांगते का मीच विसरली. नवीन ठराव माह्या ध्यानात राह्यला नाई, म्हून मी जुनं टाकत गेली, अन् तुले ते अंदाजानं समजत गेलं. माह्या अम्मीचं साऱ्याईले ठाऊक हाये. कोणी जास्त विचारनार नाई."

मी हो म्हटलं.

हे लिहायची लाज वाटते, पण वहीत खोटं लिहिलं तर मग मला काहीच उरणार नाही. तिनं ते सुचवलं तेव्हा मला हायसं वाटलं. लोक तिच्याकडे तसं बघतील, माझ्याकडे नाही. मी अजून थोडे दिवस कंप्युटर राहीन. एकतीस वर्षांच्या भिडूला मी लोकांपुढे वेडी ठरू देणार, आणि वर चहा पाजून तिला गेटपर्यंत सोडलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

क्लबच्या छोट्या खोलीत कमिटीचे तिघं, मुखरूभाऊ, अजय आणि आम्ही दोघी. खुर्शीदा उभी राहिली आणि ठरल्याप्रमाणे बोलली. छान बोलली. शेवटी म्हणाली, "उमर झाली आता."

अध्यक्षांचा आवाज लगेच बदलला. ते मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले, बहिऱ्याशी बोलावं तसे. "काही हरकत नाही, बाई. तुम्ही आता घरी आराम करा. मुलाला सांगू का घ्यायला यायला?" अजयनं तिला पाण्याचा ग्लास दिला आणि ग्लास तिच्या हातात नीट बसला की नाही ते बघत राहिला. त्याच हातानं तिनं तीस वर्षं लोकांची बाळं धरली आहेत.

मला ते बघवेना. मी चांगुलपणानं उठले असं नाही. उद्या माझ्या हातात ग्लास असाच देतील, हे मला तिच्या जागी दिसलं आणि मी घाबरून उठले.

म्हटलं, "विसरते ती मी. ती नाही. ठराव आम्ही नोव्हेंबरात बदलला, मी तो विसरले, आणि मी विसरले हेही मला कळलं नाही. मला सांभाळायला ती जुन्या खुणांवर आली. चूक तिची एवढीच की हे तिला ठाऊक होतं आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं. नियम काय आहे? भिडूला जे माहीत, ते समोरच्यालाही माहीत पाहिजे. तर आता सांगते. मला नवीन गोष्ट लक्षात राहत नाही. घरीसुद्धा राहत नाही. माझ्या हातून नवऱ्याचा जीव जाता-जाता राहिला."

मुखरूभाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. खुर्शीदा मला ओढून खाली बसवत होती आणि म्हणत होती, "काऊन, काऊन सांगितलं?"

निकाल: गेल्या पंधरवड्याचे आमचे गुण रद्द. कार्ड जुन्या ठरावाचं नवीन लिहायचं. स्पर्धेला मनाई नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

खुर्शीदा डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. वजाबाकी बघून ते खूश झाले. सुरुवातीला तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते, ते शेवटी विचारले. एक कोल्हा होता. दुसरा आणि तिसरा गेला. शब्द नुसते विसरले असते तर ठीक. ते मला दिले होते हेच पटेना.

मार्चमध्ये नागपूरला तपासण्या आहेत. डॉक्टर म्हणाले, "अजून काही नक्की नाही." त्या 'काही नक्की नाही'वर मी आठ दिवस जगले असते, पण बाहेर आल्यावर खुर्शीदानं माझा हात ज्या पद्धतीनं धरला, त्यावरून ती काय समजली ते कळलं. तीस वर्षांची नर्स आहे.

सकाळ-संध्याकाळ धनराज स्वतः सुई घेतात. टिक, टिक, टिक. मी स्वयंपाकघरातून मोजते. आता माझी गरज नाही, याचं बरं वाटतं आणि त्याचीच भीती वाटते.

९ फेब्रुवारी, रविवार

स्पर्धा झाली. विसरायच्या आत लिहिते.

सकाळच्या फेऱ्या बऱ्या गेल्या. चंद्रपूर, राजुरा, ब्रह्मपुरी, सगळीकडच्या जोड्या होत्या. प्रत्येक टेबलावर बसताना कार्ड समोर ठेवलं. जुना ठराव, मोठं पान म्हणजे हो. लिहिलं खुर्शीदानं, सही माझी. मला वाटलं होतं जुनं आहे तर काळजी नाही, ते हाडात मुरलेलं आहे.

शेवटच्या फेरीत मुखरूभाऊ आणि अजय आले. तोवर दोन्ही जोड्या वरच्या चारांत होत्या. मुखरूभाऊ चार बदाम खेळत होते. उतारी माझी, इस्पिकचा राजा. डमीतून छोटं, खुर्शीदाची अठ्ठी, मुखरूभाऊंची चौरी. हात माझा. आता पुढे खेळायची पाळी माझी.

अठ्ठी. मोठं पान. मोठं म्हणजे हो. की ते बदललं होतं? बदललं होतं हे नक्की, वहीत तसं लिहिलं आहे, मी तीन वेळा वाचलं आहे. मग परत बदललं का? की परत बदलायचं असं फक्त बोलणं झालं? जुना ठराव म्हणजे त्या जुन्याच्या आधीचा, की नोव्हेंबरचा, जो आता जुना झाला? कार्ड टेबलावर होतं, पण ते समोरच्यांसाठी असतं. खेळताना स्वतःचं कार्ड आपण वाचायचं नाही. खुर्शीदा छताकडे बघत होती. तिला माझ्याकडे बघायची परवानगी नव्हती आणि ती नियमानं वागत होती. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती.

किती वेळ गेला माहीत नाही. हातातली पानं घामानं चिकटली. तीसेक वर्षं मला भाषेसारखं येत होतं ते समोर पडलं होतं आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता. इतकी भीती मला १८ डिसेंबरलाही वाटली नव्हती. त्या दिवशी मला माहीत नव्हतं.

तेव्हा मुखरूभाऊंनी आमचं कार्ड उचललं. प्रश्न विचारायची ही त्यांची पाळी नव्हती, आणि नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. चष्मा कपाळावर सरकवून, ओळीवर बोट ठेवून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "मोठं पान म्हंजे हो." मग अजयला म्हणाले, "मले पाहाचं होतं. विसरलो होतो मी." आणि कार्ड खाली ठेवलं.

अजय त्यांच्याकडे बघतच राहिला. मी इस्पिक पुन्हा खेळले. खुर्शीदाच्या एक्क्यानं हात घेतला, तिसरा इस्पिक तिनं आणला, माझी राणी आली. पुढे हुकमाचा एक हात मिळाला आणि डाव एकानं बुडाला. आम्ही दुसऱ्या आलो, ते चौथे गेले. आम्हाला एक स्टीलचा कप मिळाला. टाळ्या झाल्या. खुर्शीदा रडत होती, रईस फोटो काढत होता, मी हसत होते.

बाहेर मुखरूभाऊ स्कूटरला किक मारत होते. मी जवळ गेले. म्हटलं, "भाऊ, तुम्ही मला पान सांगितलं."

"नाई वो बाई, मी कायले सांगू," ते म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "थंडी हाये, शाल घ्या अंगावर. ऑटो आणून देऊ का?"

आवाज मोठा होता, आणि सावकाश.

एकतीस वर्षांत मुखरूभाऊंनी मला एक हात फुकट दिला नाही. माझा बाप वारला त्या आठवड्यात भेटायला आले होते, तेव्हाही खेळायला बसून मला तीन हातांनी बुडवलं होतं, आणि मला ते आवडलं होतं. आज त्यांनी हात दिला. नागपूरच्या तपासण्या मार्चमध्ये आहेत, पण त्यांत काय येणार ते मला आज चार वाजता, त्या टेबलावरच कळलं.

खुर्शीदा ऑटोत माझ्या शेजारी बसली आहे. घरापर्यंत सोडणार म्हणते. मी कप मांडीवर ठेवून त्याच्या आधारानं लिहिते आहे.